ह्यांची हवेची मशीन

८ सप्टेंबर १९९७
ही डायरी जानेवारीत बियाण्याच्या दुकानातून फुकट आल्ती. कोरीच पडून होती. आज लिहायला काढली, कारण जे झालं ते कुणाला सांगता येत न्हाई. शेजारच्या सगुणाबाईला सांगावं तर दिवस मावळायच्या आत सगळ्या तीर्थपुरीला कळंल.

हवेची मशीन बंद पडली. बंद म्हणजे फिरते, धडधड करते, पण काट्यावर हवा चढत न्हाई. वीसवर गेला काटा आन् तिथंच थरथरत बसला. कडूबाच्या टेम्पोचं मागचं चाक बसलं होतं, तो अर्धा तास वाट बघत राह्यला. शेवटी म्हणला, वैनी, ही दमली. मी म्हणलं, तू दम धर जरा. पण हवा काही आली न्हाई. मोटर तापली, जळका वास सुटला, मंग बटण बंद केलं.

तेल मी घातलं होतं. करडीचं. हे लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगणार न्हाई.

हे गेले तेव्हा मशीनच्या तेलाचा डबा ठेवून गेल्ते. म्हणले, दर महिन्याला काचेतून बघायचं, कमी झालं की वतायचं, दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई. तो डबा मागच्या सालच्या उन्हाळ्यात संपला. तसलं तेल जालन्याला मिळतं. तेवढ्यासाठी जालन्याला कोण जातं? घरात घाण्याचं तेल होतं, आपल्या रानातल्या करडीचं, चांगलं पिवळंधमक. माणसाच्या पोटाला चालतं ते लोखंडाला का चालू नये, असं वाटलं. दीड साल चाललं बी.

९ सप्टेंबर
सायकली पायपंपावर भरल्या. गुडघे दुखून राह्यले. दोन मोटारसायकलवाले आले आन् मशीन बंद बघून स्टँडकडं गेले.

खंडेनवमी एक महिन्यावर आली. तोवर मशीन चालू झाली पाहिजे. हे मद्राशी लोकांच्या बोअर पाडायच्या गाडीवर कामाला गेले त्याला दिवाळीला तीन सालं होतील. पहिलं कार्ड गुलबर्ग्याहून आलं. दुसरं रायचूरहून, त्यात लिव्हलं होतं, खंडेनवमीला येतो, मशीनची पूजा मीच करीन. ती खंडेनवमी गेली, त्याच्या पुढचीबी गेली. बोअरच्या कामात सुट्टी मिळत न्हाई, पाणी लागेस्तोवर गाडी हलत न्हाई. पण माणूस कधी येईल सांगता येत न्हाई. आले आन् मशीनमध्ये करडीचं तेल दिसलं, तर दारातच सुरू होतील.

११ सप्टेंबर
चहाच्या टपरीवर मशीनची गोष्ट निघाली. वसंता ड्रायवर म्हणला, काकू, जालन्याला कशाला नेता, परतूरला चांगला माणूस बसला हाये हवेच्या मशीनीचा. कडूबानं त्याच्याकडं असं बघितलं की वसंताचा चहा कपातच राह्यला. मंग कडूबा म्हणला, परतूरवाला चोर हाये, पुर्जे बदलतो, आपण जालन्यालाच नेऊ, मी टेम्पो आणतो.

एरवी हा माणूस अंबडच्या पुढं टेम्पो न्यायचं म्हणलं की डिझेलचं रडगाणं लावतो. ह्यांचा चुलतभाऊ हाये, पण असा उदार कधी झाला न्हवता. मी म्हणलं, काय रे, लग्न ठरलं का तुझं दुसरं? त्याला हसू बी आलं न्हाई.

१५ सप्टेंबर
जालन्याला जाऊन आले. जुन्या जालन्यात एका बोळात गिरिधर मिस्त्रीचं दुकान हाये. हे आपली मशीन तिथूनच घेऊन आल्ते. टेम्पो बोळात घुसेना, दोन हमालांनी मशीन उचलून नेली.

मिस्त्री म्हातारा हाये, चष्मा दोरीला बांधलेला. त्यानं वरचं डोकं खोललं, बोट घातलं आन् बोटाला चिकटलेलं नाकाजवळ नेलं. मंग माझ्याकडं बघत म्हणला,
"बाई, यात भजी तळली काय?"

दुकानातले सगळे हसले. मी न्हाई हसले. आतमध्ये गुळाच्या चिक्कीसारखं पिवळं-तांबडं कडक बसलं होतं. तो म्हणला, करडीचं तेल तापलं की वाळतं, त्याचं रोगण होतं, लोक दाराला लावतात. हवा आत-बाहेर सोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या चिकटून गेल्या, पिस्टनच्या रिंगा जाम झाल्या. घासून देतो, पण आतला दट्ट्या ओरखडला हाये, जास्त दिवस टिकणार न्हाई. त्याच्यापेक्षा ही मला द्या आन् नवी न्या, वरचे पैसे हप्त्यानं द्या. नवीला आपोआप बटण असतं, हवा भरली की बंद होते, कमी झाली की चालू होते, बसून राखायची गरज न्हाई.

मी म्हणलं, मशीन मालकाची हाये. त्यांना विचारल्याबिगर देता येत न्हाई.

मंग विचारा, म्हणला. मालकाचं नाव काय?

आता ह्यांचं नाव कसं घेऊ? मी कडूबाकडं बघितलं, तर तो टेम्पो बघून येतो म्हणून बाहेर गेला. टाकीवर निळ्या अक्षरात ह्यांनीच रंगवलेलं नाव हाये, त्याच्यावर बोट ठेवलं. मिस्त्रीनं चष्मा लावला, वाचलं आन् एकदम खुलला.

"अरे, मच्छिंद्र! मागच्या साली दसऱ्याच्या टायमाला दुसरी नेली की त्यांनी माझ्याकडनं. परतूरला दुकान टाकलं म्हणले. ती तरी बराबर चालते ना?"

मी म्हणलं, हो, चालते.

का म्हणलं माहीत न्हाई. परक्या माणसासमोर आपल्याच घरचं आपल्याला माहीत न्हाई, असं कसं म्हणायचं?

मशीन तिथंच ठेवून आले. पितरांचा पंधरवडा, पितरपाट, परवा लागतो, नवी घ्यायची म्हणली तरी घट बसेस्तोवर घेता येत न्हाई. मिस्त्री म्हणला, तोवर घासून बघतो. परत येताना कडूबानं टेम्पो नुसता पळवला. अंबडला भेळ घेऊन दिली, तीबी त्यानं खाल्ली न्हाई.

१६ सप्टेंबर
मिस्त्री म्हातारा झाला हाये. दिवसाला दहा मशीनी बघत असेल, कुणाला कोणती दिली काय ध्यानात राह्यतं? किंवा बोअरच्या मालकानं ह्यांना पाठवलं असेल, गाडीसाठी छोटी मशीन आण म्हणून. बोअरच्या गाडीला लई चाकं असतात. परतूरला बोअर चालू असेल.

जालन्यापर्यंत आले तर घरी का आले न्हाईत? सुट्टी नसेल.

१९ सप्टेंबर
पडवीत मशीनची जागा रिकामी हाये. खाली तेलाचा काळा चौकोन पडला. तरी मी तिथून वळसा घालून जाते. आज ध्यानात आलं, तर सरळ मधून गेले. उगीच गेले, तिकडं काही काम न्हवतं.

माणसं येईनात. पहिले सकाळपासून दारात कुणी ना कुणी असायचं. कुणाची हवा, कुणाचं पंचर, कुणाला नुसतं वाटसरूसारखं बसायचं. मी सगळ्यांवर खेकसायची, की हवा भरली ना, मंग निघा. आता खेकसायला बी कोणी न्हाई. दुपारी पितळीत भाकर कुस्करली तर आवाज आला. भाकरीचा आवाज येतो हे मला माहीत न्हवतं.

२२ सप्टेंबर
सगुणाबाई आल्ती. ही शेजारीण सात सालं मशीनच्या आवाजावर बोंबलली. एकदा सरपंचाकडं जाऊन आली. आज म्हणते, चाळणी दे. आन् ओट्यावर बसूनच राह्यली. म्हणे, आवाज न्हाई तर दुपारी डोळाच लागंना.

मी तिला विचारलं, "परतूरला हवेचं दुकान कुणाचं हाये गं? तुझी लेक तिथंच दिली ना."

तिनं खाली बघितलं, लुगड्याचा धागा ओढत बसली. "मला काय माहीत बाई," म्हणली आन् उठून गेली. चाळणी इथंच राह्यली. विसरभोळी झाली बिलकुल. चाळणी तिच्या दारात टांगून आले.

२४ सप्टेंबर
काल जेवले न्हाई. आज जेवले. विशेष काही न्हाई.

कडूबा दोनदा दारावरून गेला. थांबला न्हाई.

२७ सप्टेंबर
परतूरला जाऊन आले.

मशीन बघायला गेल्ते. मिस्त्री नवी घ्या म्हणतो, तर तसली मशीन चालते कशी ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं. बिनाबघता घेणं बरं न्हाई. सकाळच्या यष्टीनं गेले. शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, ती रस्ताभर माझ्या पिशवीला टोचत राह्यली. कोंबडी, बाई न्हाई.

रेल्वे टेसनाच्या रोडवर दुकान हाये. विचारायला लागलं न्हाई. पत्र्याचं शेड, बाहेर जुने टायर, मागं दोन खोल्या. मशीन दारातच होती. तीच कंपनी, आपोआप बटणाची, टाकी लाल. टाकीवर निळ्या अक्षरात नाव. अक्षर आपल्याच टाकीवरचं. नावाच्या खाली आपल्या टाकीवर तीर्थपुरी लिव्हलं हाये, तिथं परतूर लिव्हलं होतं.

मशीन काही नीट ठेवली न्हाई. भिंतीला चिकटवून ठेवली, वारा लागायला जागा न्हाई. पट्टा ढिला. खालचा कॉक गंजला, म्हणजे टाकीतलं पाणी रोज काढत न्हाईत. नळी मात्र नवी हाये. टाकीवर एक लहान फ्रॉक वाळत टाकला होता, पिवळा, गळ्याला झालर. मशीनवर कपडे टाकू नये. पट्ट्यात गुतला तर मोटर जाते.

दुकानात कोणी दिसेना. मागं हापशाचा आवाज येऊन राह्यला होता, कोणी बाई पाणी भरत असेल. एक ट्रॉली जॅकवर उचललेली होती, तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. उजव्या टाचेला भेग, आंगठ्याचं नख काळं. ते नख बैलाच्या पायाखाली सापडलं तेव्हा मीच हळद लावली होती. पुन्हा नीट आलंच न्हाई.

मी उभी राह्यले. किती वेळ ते माहीत न्हाई. मंग ट्रॉलीखालून हात बाहेर आला.

"चौदाचा दे गं. आन् चहा ठेव."

पाने शेजारी पोत्यावर पडले होते. मी चौदाचा उचलला आन् हातात दिला. हात आत गेला.

मंग मी आले.

परतीची यष्टी दोन घंटे आली न्हाई. स्टँडवर उसाचा रस घेतला. बर्फ लई घातला होता, पण बरा होता.

३० सप्टेंबर
अंगात कणकण. सुंठ घेतली.

१ ऑक्टोबर
सर्वपित्री. सासू-सासऱ्याचं पान वाढलं. तीन सालं झाली मीच वाढते. पोरगा जित्ता हाये, यष्टीनं दोन घंट्यावर हाये, आन् सून वाढते. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी. एवढं करून घरात जेवायला कडूबा एकटा.

त्याच्या पानात वडे वाढताना विचारलं.
"तुला माहीत होतं?"
त्यानं हातातला घास खाली ठेवला. "वैनी, कसं सांगावं."
"किती दिवसांपासून?"
"दोन सालं झाली. कापूस घेऊन गेल्तो तेव्हा दिसला. म्हणला, तिला सांगू नको, मी येतो खंडेनवमीला आन् सांगतो."
"गावात कुणाकुणाला माहीत हाये?"
तो पानातला वडा कुस्करत बसला. म्हणजे सगळ्यांना.
"मंग मशीन परतूरला न्यायची ना," मी म्हणलं. "तेवढं डिझेल तरी वाचलं असतं."

कडूबा रडायला लागला. पस्तीस वर्षांचा बाप्या, मिशीला कढी लागलेली. मी म्हणलं, आधी जेव, वडे गार झाले. तो जेवला. मी नंतर बसले. खीर नासली न्हवती, पण मला लागली तशी.

रायचूरचं कार्ड काढून बघितलं. शिक्का आजवर कधी वाचला न्हवता. वाचायला येतं मला, चौथीपर्यंत गेल्ते, पण शिक्क्याकडं कोण बघतं? आज भिंगानं बघितला. रायचूरचाच हाये. म्हणजे तेव्हा खरंच तिकडं होते. तेवढं तरी खरं होतं. ठेवून दिलं.

३ ऑक्टोबर
काल घट बसले. आज जालन्याला गेले. कडूबा पहाटेच टेम्पो घेऊन दारात उभा. मी म्हणलं, यष्टीनं जाते. तो म्हणला, आन् मशीन काय मांडीवर घेऊन येणार? मंग बसले.

मिस्त्रीनं आपली मशीन घासून चकाचक केली होती. चालवून दाखवली. हवा चढली, साठपर्यंत चढली. आवाज तोच. मी एवढी तिच्यासाठी आल्ते आन् ती चालू झाली, तर नकोशी झाली. मिस्त्री म्हणला, चार-सहा महिने चालंल. मंग माझ्याकडं बघितलं.

"मालकाला विचारलं का?"
"विचारलं."
"काय म्हणले?"
"काही न्हाई म्हणले. नवी द्या."

त्यानं आणखी काही विचारलं न्हाई. जुन्या जालन्यात धंदा करणाऱ्या माणसाला तोंड बघून कळत असावं. जुनी मशीन मागं ओढून नेली, मी तिकडं पाठ करून नवीच्या नळ्या बघितल्या. त्यानं मला पट्टा कसा ताणायचा, खालचा कॉक रोज संध्याकाळी कसा सोडायचा, तेल किती, सगळं दोन-दोनदा दाखवलं. तेलाचे दोन डबे दिले. म्हणला, हे भज्याला चालत न्हाई. मी म्हणलं, तुमच्या बायकोला आधी सांगा. या वेळी मी बी हसले.

पेंटर शेजारीच बसतो. चोरीला जाऊ नये म्हणून सगळे टाकीवर नाव टाकून नेतात. पेंटरनं ब्रश बुडवला आन् विचारलं, काय नाव? मी म्हणलं, तुळजाबाई. तो ब्रश धरून थांबला, म्हणला, पुढं? मी म्हणलं, पुढं तीर्थपुरी.

'तुळजाबाई' लिव्हायला जागा जास्त लागली. शेवटचं अक्षर टाकीच्या वळणावर गेलं, जरा वाकडं दिसतं.

६ ऑक्टोबर
गिऱ्हाईक परत येऊन राह्यलं. वसंता आला, टायरात हवा भरली, मान वर करून बोलला न्हाई. मी म्हणलं, परतूरच्या चांगल्या माणसाकडं गेला न्हाईस का? तो तसाच निघून गेला. सुट्टे घ्यायचे राह्यले त्याचे. उद्या येईल. असं बोलायला नको होतं, पोरगा साधा हाये. पण बोलले.

सगुणाबाई आल्ती. मशीनभवती फिरली, टाकीवरचं नाव बघितलं. बोटानं एक-एक अक्षर लावून वाचलं. तिला फक्त अक्षरओळख हाये. वाचून झालं आन् माझा हात धरला. मला असले प्रकार चालत न्हाईत. हात सोडवला आन् म्हणलं, चाळणी पाहिजे का? तर म्हणली, न्हाई, तूच टांगून गेल्तीस ना.

१० ऑक्टोबर
खंडेनवमी. मशीन पुसली. हळदीकुंकू, झेंडूची माळ. माळ पट्ट्यापासून लांब बांधली. पाने, जॅक, पायपंप सगळं ओळीनं मांडलं. नारळ फोडला. कुणाची वाट बघायची न्हवती, म्हणून नऊच्या आत उरकलं. दर साली दुपार व्हायची.

प्रसाद वाटला. कडूबाची बायको पुरणपोळ्या घेऊन आली. खालच्या मानेनं आली, खालच्या मानेनं गेली. ह्या घरात आता सगळे खाली मान घालून येतात. जसं काही त्यांनीच केलं. हे असं किती दिवस चालणार? मला माणसं मान वर करून हवी.

१४ ऑक्टोबर
आज दुपारी जेवून पडवीत आडवी झाले होते. डोळा लागला. तेवढ्यात मशीन धडधडायला लागली. मी उठले, पदर डोक्यावर घेतला आन् जल्दीनं दारापर्यंत गेले. बाहेर कोणी न्हवतं. रोड मोकळा, ऊन पडलेलं, समोरच्या लिंबाखाली कुत्रं.

मंग ध्यानात आलं. ह्या मशीनचं बटण आपोआप हाये. टाकीतली हवा कमी झाली की कुणी हात न लावता चालू होते. काटा ऐंशीवर गेला आन् आपली आपण थांबली. मी तिथंच उभी.

थोड्या वेळानं पुन्हा चालू झाली. आता माहीत होतं, तरी दाराकडं बघितलं.

कुठून तरी हवा निसटून राह्यली. उद्या साबणाचं पाणी लावून सांधे बघते.